बेचाळीसशे बारावी नोंद

कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी बटणांवर सांडू नये म्हणून दोन संचालक आडवे आले. खोलीला थंड हवेचं यंत्र बसवलं. सत्त्याऐंशीचा दुष्काळ, कळंब तालुक्यात माणसं टँकरपुढं घागरींची रांग लावून उन्हात बसलेली, पण कॉम्प्युटरला उकडता कामा नये असा हुकूम होता. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळापुढंही इतक्या इमानदारीनं कुणी चपला काढत नसे.

त्या थंड खोलीत श्रीमंत बसायचा. वय सत्तावीस, बी.कॉम. झालेला, बाप लिंबाजी मेंढरं विकून दोन एकर उसाचा धनी झालेला. श्रीमंतचं काम एकच: ऊसतोडीची क्रमपाळी सांभाळायची. कोणाचा ऊस कोणाच्या आधी, टोळी कोणत्या दिवशी कोणाच्या फडात. ऐकायला हे काम हलकं वाटतं, पण विहिरी आटलेल्या आणि ऊस उभ्या जागी वाळत चाललेला, अशा साली तोडीची पाळी पंधरा दिवस इकडची तिकडं झाली तर हातात चिपाडं येतात. रोज सकाळी शिपाई यादीवरून पहिले चाळीस नंबर शेतकी ऑफिसच्या फळ्यावर खडूनं उतरवायचा. दुसऱ्या सकाळी तोच फळा ओल्या फडक्यानं पुसायचा आणि नवी यादी लिहायचा. कालची यादी काय होती, हे मग कुणाच्या बापालाही सांगता येत नसे.

कॉम्प्युटरला मात्र सांगता येत होतं. तो बसवून देणारे पंचाक्षरी नावाचे गृहस्थ सोलापूरचे, बारीक अंगाचे, बोलायला चोख. त्यांनी श्रीमंतच्या डोक्यात एक गोष्ट दहा वेळा भरवली होती. यादीला हात लागण्याआधी रोजनाम्यात लिहिलं गेलं पाहिजे. प्रोग्रामच तसा केलेला. कुणाची पाळी बदलायला घेतली की आधी प्रिंटर खरखरायचा आणि लांबलचक जोडकागदावर एक ओळ छापायचा: नोंदीचा नंबर, तारीख, वेळ, बदल करणाऱ्याचं नाव, आधी काय होतं, आता काय होणार. मग यादी बदलायची. बदल धडपणे पार पडला की त्याच ओळीच्या शेवटी ‘पक्की’ हा शब्द उमटायचा. सगळं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. मध्येच लाईट गेली तर ‘पक्की’ उमटत नसे. तशी नोंद अर्धवट समजायची आणि आधी होतं तेच खरं धरायचं. शिवाय दर रविवारी सगळी यादी फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. यादी बुडाली तर फ्लॉपी घ्यायची आणि तिथून पुढच्या पक्क्या नोंदी एकेक करून परत चढवायच्या, की यादी होती तशी उभी. पंचाक्षरी म्हणायचे, यादी बुडाली तर मला बोलवा, रोजनामा बुडाला तर मला बोलवू नका.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला यादी बुडाली. सकाळी लाईट तीन वेळा गेली, तीन वेळा आली, आणि यंत्राच्या पोटातून करकर असा आवाज येऊन पडदा काळा झाला. पंचाक्षरी एस.टी.नं आले, कान लावून म्हणाले, डिस्क गेली. नवी डिस्क त्यांनी बसवली, पण मागच्या दोन रविवारच्या फ्लॉप्या यंत्र वाचेना. धुळीनं खाल्ल्या होत्या. तिसरी, जानेवारीच्या चोवीस तारखेची, तेवढी वाचली गेली. म्हणजे तिथून पुढच्या एकोणीस दिवसांच्या नोंदी रोजनाम्यावरून हातानं चढवणं आलं. नंबर एक्केचाळीसशे पाच ते सेहेचाळीसशे अठरा.

यादी उडाल्याची बातमी गेटबाहेर गेली आणि दुपारपर्यंत दोनेकशे माणसं जमली. संचालकांत दोन गट, आणि एका गटाचा दुसऱ्यावर काडीचा विश्वास नव्हता. नोंदी चढवताना कुणीतरी आपला ऊस वर सरकवील ही धास्ती दोघांनाही. शेवटी ठरलं की सभासदांतला एक पंच आत बसवायचा, श्रीमंतनं प्रत्येक नोंद त्याला वाचून दाखवायची आणि मग चढवायची. काम संपेपर्यंत खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली शेतकी अधिकारी भीमाशंकर यांच्या कमरेला. पंच कोण, यावर तासभर भांडण झालं आणि मग एका नावावर दोन्ही गट गप्प झाले. पिराजी. ईटजवळच्या वस्तीवरचा, बौद्धवाड्यातला, विहिरीवर दोन एकर ऊस केलेला. कुणाच्या अध्यात न मध्यात, कुणाच्या गटात नाही, कुणाचा मिंधा नाही.

ते नाव ऐकलं आणि श्रीमंतनं जोडकागदाच्या थप्पीकडं पाहिलं.

बेचाळीसशे बारावी नोंद पिराजीची होती. अठ्ठावीस जानेवारी, संध्याकाळी पाच चाळीस. त्या आठवड्यात लिंबाजी अंथरुणावर होता, विहिरीत घागर बुडेना, आणि आई हरणाबाई रोज सकाळ-संध्याकाळ एकच पालुपद लावून होती, की पोरगा मशीनवर बसतो आणि बापाचा ऊस जळतो. बापाचा नंबर एकतिसावा होता. श्रीमंतनं वरची नावं वाचत नेली. तिसऱ्या नंबरवाल्याचा मेहुणा संचालक. पाचव्याचा भाऊ वकील. सातवा स्वतः येऊन टेबलावर मूठ आपटणारा. नववा पिराजी. हा ओरडणार नाही, आणि ओरडला तरी ऐकतंय कोण, असा हिशेब श्रीमंतनं केला आणि नववा आणि एकतिसावा यांची अदलाबदल केली. निवड चुकून झालेली नव्हती, गरीब आणि एकटा माणूस शोधूनच काढला होता. दोन दिवसांनी टोळी लिंबाजीच्या फडात शिरली.

सोमवारी पिराजी ऑफिसच्या जाळीच्या खिडकीशी आला. फळ्यावर आपला नववा नंबर त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतला होता, आणि टोळी काही आली नाही. श्रीमंतच्या तोंडातून एक वाक्य गेलं. टोळी येऊन गेली, तुमचा मुलगा फडात नव्हता. पिराजी मान हलवून निघून गेला आणि श्रीमंतनं ते वाक्य खरं दिसावं म्हणून आणखी एक नोंद केली: पिराजी गैरहजर, नंबर शेवटी टाकला. ती त्रेचाळीसशे सतरावी.

आणि दुसऱ्या दिवशी तोच पिराजी चपला बाहेर काढून, डोक्याचं मुंडासं सारखं करत, दारातून आत आला. त्यानं जयभीम घातला, श्रीमंतनं रामराम म्हटलं. भीमाशंकरनं बाहेरून कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. सकाळचे नऊ वाजले होते.

पिराजीला वाचता येत नव्हतं, पण मोजता पक्कं येत होतं. त्यानं खिशातून मूठभर चिंचोके काढून टेबलावर ठेवले. वीस नोंदी झाल्या की एक चिंचोका बाजूला. श्रीमंत वाचायचा: नंबर, गाव, माणूस, आधी कितवा, आता कितवा, पक्की. पिराजी म्हणायचा, व्हय. श्रीमंत चढवायचा. जिथं ‘पक्की’ नव्हतं तिथं तो सांगायचा की ही लाईट गेल्यामुळं अर्धी राहिली, ही सोडायची. पिराजी त्यालाही व्हय म्हणायचा.

खोलीला एकच खिडकी, तीही यंत्रासाठी फळ्या ठोकून बंद केलेली. बाहेरचा गलका ऐकू यायचा आणि ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीचा खडखडाट. पुढची पानं न उलटताच श्रीमंतला दिसत होती. नोंद गाळून पुढं जावं, तर यंत्र नंबर मागतं, एकही नंबर सुटला की पुढं सरकत नाही. पान फाडावं, तर समोर पंच. त्यानं मनातल्या मनात देवाला हात जोडले, की त्या दिवशी लाईट गेलेली असू दे, ती नोंद अर्धी राहिलेली असू दे. त्या महिन्यात दिवसाला चारदा लाईट जायची. अठ्ठावीस तारखेला पाच चाळीसला नेमकी गेली नव्हती. ओळीच्या शेवटी ‘पक्की’ होतं, आणि मध्ये त्याचं स्वतःचं नाव.

पाच चिंचोके बाजूला झाले. त्यावर सात नोंदी झाल्या. मग ती आली.

श्रीमंतनं चढवलं बरोबर आणि वाचलं खोटं. पिराजीच्या जागी त्यानं भलत्याच गावच्या भलत्याच माणसाचं नाव घेतलं. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पिराजी म्हणाला, व्हय. यादी तर बरोबरच होतेय, मग कुणाचं काय बिघडलं, असं श्रीमंतनं स्वतःला समजावलं आणि तो भराभर पुढं वाचू लागला.

साडेबारा वाजले. दार काही उघडायचं नव्हतं. श्रीमंतचा डबा बाहेर राहिला होता. पिराजीनं धडप्यातून ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, एक भाकरी हातात धरून थोडा थांबला आणि विचारलं, चालेल का तुम्हाला. श्रीमंतनं हात पुढं केला. दोघं जमिनीवर बसून खाऊ लागले.

खाता खाता पिराजी बोलायला लागला. बोलणं असं काही नव्हतं, कुलपाच्या आत दोन माणसं बसली की होतं तसं. घरी आता खाणारं कुणी नाही म्हणाला. बायको केशरबाई दोन घास खाऊन उठते. थोरला श्रीपती घर सोडून गेला. त्याच्या बायकोचा सातवा महिना, तिलाही घेऊन गेला. फडावर लक्ष ठेवायला त्यालाच बसवलं होतं आणि तो म्हणत राहिला की टोळी आलीच नाही, मी जागचा हललो नाही. लहानपणापासून खोटं न बोललेलं पोर असं तोंडावर खोटं बोलतंय, हे पिराजीला सहन झालं नाही. त्यानं बायकोदेखत, सुनेदेखत त्याला थोबाडीत मारली आणि खोटारडा म्हणून घराबाहेर हो म्हटलं. पोरगं खरंच बाहेर झालं. कर्नाटकाकडं जाणाऱ्या एका मालमोटारीत चढताना लोकांनी पाहिलं. तेवढंच. पत्ता नाही, पत्र नाही.

“तुमी खिडकीत सांगितलं म्हनून कळलं बगा,” पिराजी म्हणाला. “न्हायतर म्या त्याचंच खरं धरलं असतं. मशनीत लिवल्यालं खोटं कसं आसंल?”

श्रीमंतनं हातातली भाकरी खाली ठेवली. नोकरी जाईल, चारचौघांत छीथू होईल, एवढीच भीती घेऊन तो सकाळपासून बसला होता. त्याच्या एका वाक्यानं एक माणूस घरातून उठला होता, आणि ज्याचं घर मोडलं तो समोर बसून आभार मानत होता. श्रीमंतला स्वतःची किळस आली. आणि तरीही त्यानं हात धुतले, खुर्चीवर बसला आणि पुढची नोंद वाचली. माणूस किती वेळ आपल्या जिवाला सांभाळत बसतो, याला काही मोजमाप नाही.

दीड वाजायच्या सुमाराला त्रेचाळीसशे सोळावी झाली. पिराजी व्हय म्हणाला आणि वाट बघत राहिला. श्रीमंत वाचेना. पिराजीनं विचारलं, काय झालं, अर्धी हाय का. श्रीमंतला वाटलं, उठावं आणि दारावर धडका द्याव्यात. पण दार उघडून जायचं कुठं? बाहेर दोनशे माणसं, आत हा एक. बाहेरच्या दोनशेंपेक्षा याचंच तोंड बघणं कठीण झालं होतं. त्यानं जोडकागदाची थप्पी उलटी चाळायला सुरुवात केली. मागं, मागं, आणखी मागं.

“पिराजीबाबा, एक नोंद मी मघाशी खोटी वाचली,” तो म्हणाला. “आता खरी वाचतो.”

त्यानं बेचाळीसशे बारावी वाचली. अठ्ठावीस जानेवारी, पाच चाळीस, बदल करणारा श्रीमंत. लिंबाजी आधी एकतिसावा, आता नववा. पिराजी आधी नववा, आता एकतिसावा. पक्की. लगेच त्रेचाळीसशे सतरावी वाचली. एक फेब्रुवारी, सकाळी अकरा दहा, बदल करणारा श्रीमंत. पिराजी गैरहजर, शेवटी टाकला. पक्की. मग त्यानं न विचारता सांगून टाकलं, की लिंबाजी म्हणजे माझा बाप. टोळी तुमच्या फडाकडं आलीच नव्हती. श्रीपती खरं बोलत होता.

पिराजीनं परत वाचा म्हटलं. श्रीमंतनं परत वाचलं. पिराजीनं ती ओळ कुठं आहे ते विचारलं आणि तिच्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला. इंग्रजी अक्षरं त्याला काय सांगणार, पण त्यानं बोट काढलं नाही. श्रीमंतला वाटत होतं की यानं आता मारावं. निदान आरडाओरडा तरी करावा.

“त्यो मशनवाला म्हनत व्हता, ह्यातलं चुकल्यालं मागारी घेता येतं,” पिराजी म्हणाला.

“येतं.”

“समदं?”

“यादीतलं समदं.”

पिराजीनं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि मग तो मांडीखाली दाबून बसला. “वाचा फुडं,” तो म्हणाला. “लोक उनात हायेत.”

अजून तीनशे नोंदी राहिल्या होत्या आणि कुलूप बाहेरून होतं. ती दुपार श्रीमंत पुढं कधी विसरला नाही. आता सगळं सांगून झालं होतं आणि तरी सुटका नव्हती. तो वाचत होता, पिराजी प्रत्येक नोंदीला व्हय म्हणत होता, त्याच आवाजात, एकाही नोंदीला न चुकता, आणि विसाव्या नोंदीला चिंचोका बाजूला सारत होता. एकदा श्रीमंतला रडू आलं. पिराजीनं वाट पाहिली. मग म्हणाला, वाचा.

सहा वाजता कुलूप निघालं. भीमाशंकर कागद आणि शाईचा पॅड घेऊन आत आले, पंचाचा अंगठा घ्यायला. श्रीमंतनं त्यांना दोन्ही नोंदी दाखवल्या आणि काय केलं ते सांगितलं. भीमाशंकरनं आधी दार लोटून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, पण गेटवर दोनशे माणसं होती आणि त्यांनाही नोकरी होती. त्यांनी आवाज खाली आणून पिराजीला समजावलं, की यादी आता दुरुस्त करू, उद्या सकाळी पहिली टोळी तुमच्याच फडात, श्रीमंतला घरी बसवतो, तुम्ही फक्त हे बाहेर बोलू नका.

पिराजी म्हणाला, ऊस तोडा नाहीतर राहू द्या. मला ह्या दोन ओळी कागदावर पाहिजेत, आपल्या अक्षरांत, कारखान्याचा शिक्का मारून. आणि घरी येऊन वाचायला हा माणूस पाहिजे. भीमाशंकर म्हणाले, शिक्का मारता येणार नाही. पिराजी म्हणाला, मग अंगठाही मिळणार नाही. पॅड टेबलावर उघडा पडला होता आणि बाहेर लोकांनी गेट हलवायला सुरुवात केली होती. शिक्का मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी पिराजीच्या फडात उतरली तेव्हा पिराजी तिकडं फिरकलाही नाही. तो एस.टी.च्या थांब्यावर उभा होता. श्रीमंत उतरला तसा पिराजी पुढं चालू लागला. वस्तीवरची माणसं दारादारांतून बघत होती. केशरबाई उंबऱ्यात बसली होती. पिराजी तिला म्हणाला, ऐक. श्रीमंतनं खिशातून कागद काढला आणि उभ्यानं वाचला. तारीख, वेळ, स्वतःचं नाव, बापाचं नाव, सगळं. शेवटी, कागदावर नसलेलंही तो बोलला, की टोळी आली नव्हती आणि श्रीपती फडातच होता.

केशरबाईनं कागद हातात मागून घेतला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला, घडी केली, परत उलगडली. श्रीमंतकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. नवऱ्याकडं पाहिलं.

“मला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “आता त्याला कोन सांगनार?”